तैलरंगात रोमँटिक वळणाचं डोंगर-सरोवर: सुरुवात कुठून करावी?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जलरंगातली निसर्गचित्रं बऱ्यापैकी जमतात, तैलरंग मात्र नवा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन रोमँटिक चित्रकारांच्या वळणाचं डोंगरातलं सरोवर करायचं मनात आहे. मागं बर्फाची शिखरं, मध्ये शांत पाणी, पुढं काळोखे खडक आणि पाइन, आणि ढग फाटून एकाच जागी पडलेला उजेड.

कॅनव्हास आडवा, २४ बाय १८ इंच, सुती, दुकानातून प्रायमर लावूनच आलेला. रंग आहेत ते असे: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमझन, सॅप ग्रीन, आयव्हरी ब्लॅक.

जलरंगात उजेडाकडून काळोखाकडं जायची सवय आहे, इथं क्रम कसा ठेवायचा? लांबचे डोंगर लांब वाटावेत म्हणून निळं-पांढरं मिसळलं की पुरतं का? पाण्यातलं प्रतिबिंब किती लांब आणि किती गडद? आणि कोल्हापुरातल्या पावसाळ्यात थर वाळायला किती दिवस धरायचे? आल्प्स प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत, तेव्हा फोटोवरून करावं की रंकाळ्यावर बसून अभ्यास करावा, तेही सांगा.

जुनी_फ्रेम

ट्यूबची टोपणं उघडण्याआधी पेन्सिल घ्या. ४ बाय ३ इंचाच्या चौकटी आखा (तुमच्या कॅनव्हासचं हेच प्रमाण आहे) आणि प्रत्येकीत तीनच टोन वापरा: काळा, मधला करडा, कोरा कागद. रोमँटिक चित्राचा सगळा जीव या तीन टोनांच्या मांडणीत असतो. पुढचा खडक आणि झाडं काळ्यात, पाणी नि मधले डोंगर करड्यात, कोरा कागद फक्त जिथं ढग फाटलाय तिथं आणि त्याखालच्या एका शिखरावर. उजेड तीन ठिकाणी सारखाच ठेवलात तर नाट्य गेलं, मग रंग कितीही सुंदर लावा. पाच-सहा चौकटींतून एक निवडायची आणि ती शेवटपर्यंत इझलला टाचून ठेवायची.

तयार प्रायमरचा सुती कॅनव्हास बहुतेक वेळा तेल फार ओढतो आणि रंग जागोजागी मेल्यासारखे मंद पडतात. जेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) आणखी दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको. मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं. त्यावर बर्न्ट सिएना आणि थोडं अल्ट्रामरीन टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून सगळीकडं लावा आणि फडक्यानं पुसून मधला उबदार टोन ठेवा. पांढऱ्यावर कुठलाही गडद रंग आहे त्यापेक्षा काळा दिसतो, हात बिचकतो आणि सगळं चित्र फिकं होत जातं.

क्रम जलरंगाच्या उलटा. आधी काळोख, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून. उजेड शेवटी आणि जाड. काळोख पातळ ठेवायचं कारण आहे: गडद रंगाचा जाड फटकारा खोलीतला उजेड धरतो आणि करडा चमकतो, पातळ थर खोल राहतो. उजेडाच्या जागी तेच उपयोगी पडतं, जाड रंग प्रकाश पकडतो.

आकाश एका बैठकीत, ओल्यात ओलं. रंगाचे ढीग आधी मिसळून ठेवा, पांढरा किमान चार सुपाऱ्यांएवढा काढा. अर्ध्या आकाशात रंग संपला की तीच छटा पुन्हा जुळत नाही. वर निळं नि खाली पिवळट उजेड थेट एकमेकांत घासले की हिरवट होतात. मध्ये एक पट्टा पांढरा, चिमूटभर ऑकर आणि त्याहून कमी क्रिमझन असा मंद गुलाबी-करडा ठेवा, तो दोघांना सांभाळून घेतो. मऊ ब्रशनं मिसळताना एकदा आडवं, एकदा तिरकं, बस. त्यापुढं चिखल होतो. दर फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला पुसायचा, टर्पेन्टाइनमध्ये बुडवायचा नाही.

तुमच्या यादीतले तीन रंग बदला. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, तो खालच्या थरात नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचा काळा जास्त जिवंत असतो. सॅप ग्रीन हे बहुतेक वेळा मिश्रण असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून पाइनचा हिरवा प्रशियन ब्लू, ऑकर आणि बर्न्ट सिएनातून काढा. प्रशियन तांदळाच्या दाण्याएवढाच घ्या, तो सगळ्यांना गिळतो. अलिझरिनच्या ट्यूबवर पीआर ८३ (रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलं असेल तर तो उजेडात उडतो, विशेषतः पातळ थरात. त्याऐवजी पीव्ही १९ बघून घ्या.

ओळंबा

प्रतिबिंबाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सरोवराचं चित्र इथंच फसतं.

पहिली गोष्ट, पलीकडचा काठ. तो पट्टीनं आखा, डावीकडून आणि उजवीकडून कॅनव्हासच्या खालच्या कडेपासूनचं अंतर मोजून. दोन मिलिमीटरचा उतार आला तरी पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. काठाला खाड्या, वळणं दाखवायची असतील तर ती इतकी चपटी हवीत की जवळजवळ रेषाच वाटावी. लांबचा काठ गोलाई देऊन काढला की सरोवराचं डबकं होतं.

दुसरी गोष्ट, प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवणं नव्हे. प्रत्येक बिंदूचं प्रतिबिंब त्याच्या थेट खाली, ओळंब्यात पडतं हे खरं, पण मोजायचं कुठून? पाण्याच्या पातळीवर त्या वस्तूचा जो पाया आहे तिथून. काठावरच्या झाडाचा पाया काठावरच आहे. पण शिखराचा पाया कित्येक मैल मागं आहे, त्या अंतरावर पाण्याची पातळी तुमच्या डोळ्याच्या रेषेला (डोळ्याच्या उंचीवरच्या क्षितिजरेषेला) जवळजवळ टेकलेली असते, म्हणून शिखराचं माप डोळ्याच्या रेषेपासून घ्यायचं.

तुमच्या कॅनव्हासवर आकडे मांडतो. खालच्या कडेपासून डोळ्याची रेषा ८ इंचांवर धरा, पलीकडचा काठ ७ वर, शिखराचं टोक १४ वर. टोक डोळ्याच्या रेषेच्या वर ६ इंच आहे, म्हणून प्रतिबिंबातलं टोक रेषेच्या खाली ६, म्हणजे २ इंचांवर येईल. काठापासून वर ७ इंच दिसणारं शिखर काठापासून खाली ५ इंचच उतरतं. आता काठावरचं २ इंची पाइन घ्या: ते वर ९ पर्यंत आणि खाली ५ पर्यंत. म्हणजे वर त्यानं डोंगराच्या ७ इंचांतले २ झाकले, पाण्यात ५ इंचांतले २. पाण्यात झाडं डोंगराला जास्त झाकतात. बघणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, पण ते पाळलं नाही तर पाण्याऐवजी आरसा ठेवलाय असं त्याला वाटतं.

याचा पडताळा रंकाळ्यावर घ्या. संध्याकाळी वारा पडल्यावर शालिनी पॅलेसच्या समोरच्या बाजूला जा. आधी उभं राहून, मग पाण्याच्या शक्य तितकं जवळ बसून, मनोरा आणि त्याच्या पुढची झाडं यांचं पाण्यातलं प्रमाण कागदावर मापा. डोळा खाली आला की मागचा मनोरा पाण्यात जास्त दिसतो.

टोनचा नियम: गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित उजळ, उजळ वस्तूचं किंचित गडद. म्हणून बर्फाचं प्रतिबिंब बर्फापेक्षा एक पायरी खाली, आणि काळ्या झाडाचं एक पायरी वर. पायाजवळचं पाणी वेगळं वागतं. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं, म्हणून तिथं तळाचे दगड आणि पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. लांब, तिरप्या नजरेत ते जवळपास सगळाच परतवतं. तेव्हा चित्राच्या खालच्या दोन-तीन इंचांत प्रतिबिंब विरत जाऊन तपकिरी-हिरवा पारदर्शक तळ यायला हवा. हिमनदीच्या पाण्याचं सरोवर असेल तर बारीक खडकाच्या पिठामुळं पाणी दुधी फिरोजी दिसतं आणि तळ दिसत नाही. दोन्ही एकाच चित्रात नकोत.

रंगवताना आधी सगळं प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी ओढा. ओलं असतानाच रुंद, मऊ, कोरडा ब्रश एकदाच आडवा फिरवा, नुसता टेकवून. उभ्या ओढीनं आडव्या कडा मोडतात, उभ्या बऱ्याचशा तशाच राहतात. बारीक लाटा खऱ्या पाण्यातही हेच करतात. सगळ्यात शेवटी वाऱ्याच्या झुळकीचे दोन-तीन उजळ पट्टे. लांबचा केसाएवढा, जवळचा रुंद, आणि तिन्ही सारख्या अंतरावर कधीच नाहीत.

पंचगंगाकाठ

ओळंबा दादा, हे मापाचं कुणी असं सांगितलं नव्हतं. एक शंका: पलीकडचा काठ आणि पाणी जिथं भेटतात तिथं धारदार रेष ठेवायची की नाही?

ओळंबा

सलग नको. काही ठिकाणी पाण्यालगत धुक्याचा एक पट्टा द्या आणि रेष त्यात हरवू द्या. जिथं उजेड पडलाय तिथं मात्र एक बारीक, उजळ, आडवी रेष ठेवा. तेवढ्यानं पाणी सपाट बसतं.

निळी_रांग

लांबच्या डोंगरांचं उत्तर राहिलं. निळं-पांढरं मिसळणं अर्धंच खरं आहे. मधली हवा दोन कामं करते. गडद जागांवर स्वतःचा निळसर उजेड चढवते, म्हणून लांबचा काळोख फिका आणि निळा होतो. पण लांबच्या पांढऱ्या वस्तूकडून येणाऱ्या उजेडातलं निळं वाटेत विखुरलं जातं, म्हणून लांबचा बर्फ किंचित पिवळट, उबदार होतो. जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही बर्फांना निळं फासलं की शिखर पुढं येतं आणि प्लास्टरचं दिसतं.

काम सोपं करायला हवेचा एक ढीग वेगळा मिसळा: दहा भाग टायटॅनियम, एक भाग अल्ट्रामरीन, चिमूटभर बर्न्ट सिएना. जवळच्या रांगेच्या रंगात याचा पाचवा हिस्सा, मधल्या रांगेत अर्धा, शेवटच्या रांगेत तीन चतुर्थांश. उजेडाच्या बाजूला या ढिगात थोडं ऑकर आणि गुलाबी टाका, कारण तिथली हवाही उजळलेली असते. कडांचंही तसंच करा. लांबच्या कडा आकाश ओलं असतानाच मऊ करायच्या, धार फक्त उजेडातल्या एका शिखराला.

बर्फाला ट्यूबमधला कोरा पांढरा लावू नका. उजेडातल्या बर्फात पांढऱ्याला ऑकरचा आणि गुलाबीचा स्पर्श, सावलीतल्या बर्फात पांढरा, अल्ट्रामरीन आणि जरासा बर्न्ट सिएना. सावलीतला बर्फ उजेडातल्या ढगापेक्षा गडद असतो हे मनाला पटत नाही, कारण बर्फ पांढरा हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पटवून घ्या. कोरा पांढरा एक-दोन फटकाऱ्यांपुरता राखा, पॅलेट नाईफनं, शेवटच्या दिवशी.

आल्प्स न पाहिल्याची खंत नको. जर्मन रोमँटिक चित्रकार कास्पार दाव्हिद फ्रीडरिखनं (१७७४-१८४०) आल्प्स कधी पाहिले नव्हते, तरी १८२४-२५ मध्ये त्यानं आल्प्समधल्या वाट्समान शिखराचं मोठं चित्र केलं. शिखरासाठी दुसऱ्याच्या अभ्यासचित्राचा आधार घेतला आणि पुढचे खडक स्वतः हिंडून रेखाटलेल्या हार्त्स डोंगरातले घातले. तो बाहेर पेन्सिलीनं रेखाटायचा आणि ड्रेस्डेनच्या स्टुडिओत रंगवायचा. दाबून रंग काढायच्या धातूच्या ट्यूब १८४१ मध्ये आल्या, त्याच्या हयातीत त्या नव्हत्याच. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट बियरस्टाटनं (१८३०-१९०२) अमेरिकेतल्या डोंगरांत कागदावर तैलरंगाची छोटी अभ्यासचित्रं केली आणि भव्य कॅनव्हास न्यूयॉर्कमध्ये उभे केले. ही चित्रं निरीक्षणातून रचलेली आहेत, एका जागी बसून उतरवलेली नाहीत.

म्हणून फोटो फक्त शिखराच्या आकारासाठी घ्या, बाकी सगळं इथं शिका. पाऊस उघडल्यावर सकाळी पन्हाळ्यावरून पश्चिमेच्या रांगा बघा, एकामागं एक चार-पाच टोन स्पष्ट मोजता येतात. ढग फाटून एकाच उतारावर पडणारा उजेड पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात पुष्कळ वेळा दिसतो. मोबाइलचा कॅमेरा अशा वेळी आकाश जाळतो नाहीतर जमीन काळी करतो, म्हणून टोन डोळ्यानं टिपून वहीत आकड्यांत लिहा, १ ते ५.

खडकांबाबत एक सावधगिरी. आपला सह्याद्री बसाल्टचा, आडव्या थरांचा, माथे सपाट, कडे पायऱ्यांसारखे. आल्प्समध्ये खडक तिरके फुटतात, सुळके होतात. पन्हाळ्याचा कडा जसाच्या तसा पाइनखाली ठेवला तर जागा पटत नाही. उजेड कसा पडतो, ओल कुठं काळी दिसते, शेवाळ कुठं धरतं हे इथून घ्या, फुटीची दिशा फोटोवरून.

खरं सांगायचं तर माझं मत असं, की पहिलं चित्र राधानगरीच्या लक्ष्मी तलावाचं करावं. गर्द डोंगर, मोठं पाणी, पावसाळी आकाश, रोमँटिक वळणाला लागणारं सगळं तिथं आहे आणि बर्फाची अडचण नाही. कोल्हापूरच्या मातीत ही दृष्टी नवीन नाही. जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथल्याच पाण्याकाठी, कोटितीर्थासारख्या जागी बसून काय पाहिलं ते टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन बघा. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही निसर्गचित्रांसाठी बघण्यासारखं आहे. मोबाइलवर चित्र बघणं वेगळं. समोर उभं राहिल्यावर काळोख किती पातळ लावलाय ते कळतं.

जुनी_फ्रेम यांच्याशी एका बाबतीत माझं जुळत नाही. पुढचा काळोख सगळा एकसारखा काळा ठेवू नका. त्यात दोन-तीन उबदार, जरा उजळ जागा, ओल्या खडकाची कड, एखादं पडलेलं खोड, हव्यात. नाहीतर पुढचा भाग कापून चिकटवलेला दिसतो.

जुनी_फ्रेम

मान्य. तीन टोन आराखड्यापुरते, रंगवताना काळोखाच्या आतही दोन पायऱ्या हव्यातच. फक्त त्या उबदार जागा मधल्या करड्यापेक्षा उजळ होऊ देऊ नका.

अळशीचं_तेल

आता वाळण्याचं. तैलरंग सुकतो तो पाणी उडून नव्हे, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला ऊब आणि उजेड लागतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर दोन्ही कमी, हवा ओली. अंबरचा पातळ थर उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत हाताला लागत नाही, पावसाळ्यात तीन-चार धरा. पांढरा जास्त असलेलं आकाश उन्हाळ्यात आठवडाभर, पावसाळ्यात दहा-बारा दिवस. अंबरमध्ये मँगेनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो, टायटॅनियम आणि अलिझरिन सावकाश. दिवसांपेक्षा पडताळ्यावर भरवसा ठेवा: कापसाचा बोळा टर्पेन्टाइनमध्ये ओलसर करून कडेला हलकेच फिरवायचा. रंग आला तर थांबायचं.

थरांचा नियम एकच, खाली कोरडं (कमी तेलाचं), वर तेलकट. पहिल्या थरात रंग आणि टर्पेन्टाइन. दुसऱ्यात एक भाग अळशीचं तेल, तीन भाग टर्पेन्टाइन. ग्लेझला (वाळलेल्या थरावरच्या पारदर्शक पातळ थराला) एकास एक. हे मिश्रण रंगाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, ग्लेझ सोडून. उलटं केलंत, म्हणजे खाली तेलकट आणि वर कोरडं, तर वरचा थर आधी आखडतो, खालचा अजून हलत असतो आणि भेगा पडतात. भेगा लगेच दिसत नाहीत, मागाहून दिसतात.

हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल चित्रात नको, त्यात वाळवणारी द्रव्यं असतात आणि ते काळवंडतं. तिथल्या तारपीनचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर ते ब्रश धुण्यापुरतंच. झिंक व्हाइट सरोवराच्या मऊ छटांसाठी मोहात पाडतो, पण त्याचा थर कालांतरानं ठिसूळ होतो. टायटॅनियमवरच राहा.

ग्लेझ पारदर्शक रंगांचीच: अल्ट्रामरीन, प्रशियन, बर्न्ट सिएना, पीव्ही १९. पाण्याच्या काळोखात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची पातळ ग्लेझ दिली की खोली येते. धुकं उलट रीतीनं येतं: पांढऱ्याचा उबदार करडा, जवळजवळ कोरड्या ब्रशवर, वाळलेल्या गडद डोंगरावर घासून. गडदावर असा पातळ उजळ रंग आपोआप थंड, निळसर दिसतो, म्हणून त्यात वेगळं निळं घालू नका.

मध्येच रंग मंद पडले तर घाबरू नका, तेल खाली ओढलं गेलंय. थर वाळल्यावर अर्धं तेल, अर्धं टर्पेन्टाइन बोटानं चोळा आणि कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्या.

वाळताना चित्र भिंतीकडं तोंड करून किंवा कपाटात ठेवू नका, अंधारात अळशीचं तेल पिवळं पडतं (पुन्हा उजेडात ठेवलं की बरंचसं निवळतं). बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दोन इंच तरी लांब, नाहीतर मागून बुरशी धरते. पावसात कॅनव्हास सैल पडला तर कोपऱ्यांतल्या पाचरी जोरात ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो स्वतः ताणला जातो, जास्त ठोकलेला मग कोपऱ्यांत रंग तोडतो. वॉर्निशला किमान सहा महिने थांबा आणि ते मार्च-एप्रिलमध्येच करा, ओल्या हवेत वॉर्निशवर दुधी झाक येते.

आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेतं. पसरून, एकेक, दगडावर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. राधानगरीचं पहिलं, बर्फाचं दुसरं, असं ठरवतो. शेवटचं एक: काठावर एक छोटा माणूस ठेवायचा आहे. त्याची उंची कशी काढू?

ओळंबा

वरचेच आकडे घ्या. पलीकडच्या काठावर पाणी डोळ्याच्या रेषेच्या १ इंच खाली आहे आणि तिथलं पाइन २ इंच. पाइन १६ मीटर धरलं तर तुमचा डोळा पाण्यापासून ८ मीटर वर आहे. पाण्यालगत उभा, साधारण १.६ मीटरचा माणूस, म्हणजे या ८ मीटरचा पाचवा हिस्सा. पाय जिथं ठेवाल तिथून डोळ्याच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजा आणि पाचानं भागा. पाय ३ इंचांवर असतील तर ५ भागिले ५, माणूस १ इंच. पलीकडच्या काठावर तोच माणूस पाव इंचही भरणार नाही. राधानगरीला डोळ्याची उंची बदलेल, तेव्हा काठावरच्या एखाद्या झाडाचा अंदाज घेऊन हेच गणित पुन्हा मांडा. माणूस सावलीत ठेवा, खांद्यावर आणि पागोट्यावर उजेडाचा एकेक ठिपका, चेहरा काढू नका.

निळी_रांग

आणि त्याला चित्राच्या बरोबर मध्ये, शिखराच्या थेट खाली उभा करू नका. त्याच्या मागं उजळ पाणी येईल अशी जागा शोधा, म्हणजे इंचभर आकृतीही काळ्या कडेनं वाचता येते.